पिकअपला बायपास ऑइल फिल्टर : विकणारा मीच, थांबा म्हणणाराही मीच



मागच्या शनिवारी, म्हणजे आमच्या काष्टीच्या बाजाराच्या दिवशी, दुकानात एक पोरगा आला. वय तेवीस-चोवीस. बाहेर त्याची पिकअप उभी, मागे जाळी लावलेली, शेळ्या उतरवून नुकताच मोकळा झालेला. खिशातून नोटा काढल्या, काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "दादा, तुमचा तो बायपास फिल्टरचा व्हिडिओ बघितलाय. बसवून टाका."

मी विचारलं, गाडी किती फिरलीय? म्हणाला, अठ्ठावीस हजार. हप्ता किती? एकोणीस हजार. हप्त्याची तारीख? दहा. आणि त्या दिवशी तारीख होती सहा. मी काउंटरवरचे पैसे मोजले, सोळा हजार होते. तेव्हा मी सरळ विचारलं, "हे हप्त्याचेच आहेत का रे?" पोरगा हसला. बोलला नाही काही.

मी पैसे परत सरकवले. माझ्या हाताखालचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला, कारण त्या एका किटमागे दुकानाला ३,२०० रुपये सुटतात आणि बाजाराच्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं? पण त्या किटच्या बाबतीत माझं मत बदललंय. व्हिडिओ मी केला होता, तेव्हा मत बदललं हेही मीच सांगायला पाहिजे. म्हणून आजचा हा लेख. जरा लांब आहे, पण गाडी घेऊन धंदा करायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ

आपल्या पिकअपला कंपनीचा एक ऑइल फिल्टर असतोच. पंप चेंबरमधलं तेल ओढतो, ते सगळं या फिल्टरमधून जातं आणि मग क्रँक, बेरिंग, कॅम, टर्बो असं फिरून परत चेंबरमध्ये पडतं. सगळं तेल यातूनच जायचं असल्याने याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही. बारीक ठेवली तर तेल अडेल आणि बेरिंग कोरडी पडतील. साधारण वीस-तीस मायक्रॉनपेक्षा मोठा कण हा फिल्टर चांगला धरतो, त्याहून बारीक बरंच सुटतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो.

बायपास फिल्टर म्हणजे बाजूला लावलेला दुसरा, जास्त बारीक फिल्टर. मुख्य लाइनमधून तेलाची एक छोटी धार, साधारण पाच ते दहा टक्के, याच्याकडे वळवायची. ती सावकाश दोन-पाच मायक्रॉनच्या गच्च माध्यमातून गाळली जाते आणि थेट चेंबरमध्ये परत येते. बेरिंगला तेल पुरवण्याची जबाबदारी याच्यावर नाही, म्हणून याला घाई नाही. कालव्याचं पाणी शेतात चालूच आहे आणि बाजूने थोडं थोडं माठात गाळून परत कालव्यात सोडतोय, असं समजा. गाडी तासभर चालली की चेंबरमधलं सगळं तेल याच्यातून बऱ्याच वेळा फिरून येतं.

इथे एक घोळ कायम होतो. मुख्य फिल्टरच्या आत एक 'बायपास व्हॉल्व्ह' असतो. फिल्टर चोंदला किंवा सकाळी थंडीत तेल घट्ट असलं की तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देतो, म्हणजे इंजिन निदान कोरडं तरी राहत नाही. त्याचा आणि या बायपास फिल्टरचा संबंध नाही. माझ्याकडे दोन जण येऊन म्हणाले, "आमच्या गाडीला बायपास कंपनीनेच दिलाय." तो व्हॉल्व्ह होता.

आणि हे काही नवीन तंत्रज्ञान नाही. कोणी 'लेटेस्ट टेक्नॉलॉजी' म्हणून विकत असेल तर हसून घ्या. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला, त्याचं नाव प्युरोलेटर. तेव्हाचे फिल्टर असेच थोडं थोडं तेल गाळणारे होते. सगळं तेल गाळणारे फिल्टर सर्रास झाले ते नंतर. मोठ्या डिझेल इंजिनांना, म्हणजे जनरेटर, खाणीतली यंत्रं, मोठे ट्रक यांना बायपास गाळण पूर्वीपासून आहे. आपल्या पुण्यातच मोठी इंजिनं आणि त्यांचे फिल्टर बनवणारे कारखाने आहेत. तिथे काम केलेला कुठलाही जुना फिटर तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

म्हणजे वस्तू खरी आहे. फसवणूक नाही. डिझेल इंजिनात जळताना काजळी तयार होते, ती अतिशय बारीक असते. ती एकत्र येऊन गुठळ्या होतात, तेल दाट होतं आणि झीज वाढते. बायपास फिल्टर त्या गुठळ्या आणि धातूचा बारीक कीस काढतो. १९८८ सालचा जनरल मोटर्सचा एक अभ्यास किट विकणारे नेहमी दाखवतात: चाळीस मायक्रॉनऐवजी पंधरा मायक्रॉनची गाळण केली तर झीज सत्तर टक्के कमी. तो आकडा मीही व्हिडिओत मोठ्या अक्षरात दाखवला होता. ती चाचणी तेलात मुद्दाम धूळ टाकून झटपट झीज घडवून केलेली होती, हे मी दाखवलं नव्हतं. तुमच्या गाडीच्या तेलात रोज कोणी चमचाभर धूळ टाकत नाही. निदान टाकू नये. (त्या धुळीकडे पुढे येतोच.)

माझ्या गाडीचं काय झालं

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या डिलिव्हरीच्या पिकअपला हे किट बसवलं. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावली, एक तोंड स्विचला, दुसऱ्यातून पाइप फिल्टरकडे. फिल्टर चासीच्या आतल्या बाजूला. परतीचा पाइप चेंबरला. चेंबर खाली उतरवून, भोक पाडून, कीस साफ धुऊन मगच परत चढवला. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. तीनशे किलोमीटर झाल्यावर गेज पट्टी काढून कॅमेऱ्याला दाखवली आणि म्हणालो, "बघा मित्रांनो, तेल अजून सोन्यासारखं!" तो व्हिडिओ खूप चालला. दुकानातून अकरा किट गेली.

आता खरं सांगतो. तेलाचा रंग बघून तेल चांगलं की वाईट हे कळत नाही. डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळं होतं आणि ते काळं तेल आपलं काम नीट करत असतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सोनेरी दिसणाऱ्या तेलात डिझेल मिसळून ते पातळ झालेलं असू शकतं. माझा तो पट्टीचा शॉट दिसायला भारी होता, त्यातून सिद्ध काहीच होत नव्हतं.

आठव्या महिन्यात गाडी लिंबं घेऊन पुण्याला निघाली. गुलटेकडीला पहाटे पोचायचं, म्हणून रात्री दोनला काष्टी सोडली. दौंड, पाटस झालं आणि यवतच्या पुढे ऑइलचा दिवा लागला. आमचे ड्रायव्हर मामा पंधरा वर्षं गाडी चालवतात, माणूस चांगला. पण त्यांना वाटलं, पुढच्या पंपावर उजेडात थांबू. दीड-दोन किलोमीटर गेले. मग खालून ठक ठक आवाज सुरू झाला.

झालं काय होतं? फिल्टरकडे जाणारा पाइप एका ब्रॅकेटच्या कडेला टेकत होता. एवढासा, बोटभर. आठ महिने गाडी खड्ड्यातून उसळली, पाइप घासला, एक दिवस फुटला. हा पाइप प्रेशरच्या बाजूचा. त्यातून तेल सगळं रस्त्यावर. लाल दिवा 'आता तेल कमी होतंय' असं सांगत नाही. तो 'प्रेशर गेलं' असं सांगतो. तो लागला की गाडी तिथल्या तिथे बंद, मध्यरात्र असो नाहीतर घाट असो.

मोठी बेरिंग गेली, क्रँक ग्राइंड करावा लागला. बिल ५८,००० रुपये. लिंबं दुसऱ्या गाडीत भरायला लागली, बाजार चुकला तो वेगळाच. किटमध्ये खोट नव्हती. मामांचीही नव्हती, त्यांना दिव्याचा अर्थ मी कधी समजावून सांगितला नव्हता. पाइप मी बांधला होता. रबरी बुश टाकायला मी विसरलो. साठ रुपयांची वस्तू.

त्या दिवशी दुपारी मी वही काढली आणि अकरा जणांना फोन लावत बसलो. "गाडी खाली वाकून बघा, पाइप कुठे टेकतोय का." दोघांचा टेकत होता. एकाने तर प्रेशरच्या पाइपच्या जागी डिझेलचा साधा पाइप टाकलेला, गावच्या मिस्त्रीने 'हाच चालतो' म्हणून. तो गरम तेलाने फुगला होता. देवाची कृपा म्हणायची, त्या तिघांपैकी कोणाचं इंजिन गेलं नाही.

आता धंद्याचं गणित

बीबीएला असताना 'पेबॅक पिरियड' नावाचं प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. घातलेला पैसा किती दिवसांत परत येतो, एवढंच ते आहे. किट विकताना मी ते कधी मांडलंच नाही. आता तुमच्यासमोर मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या गाडीचे घालून परत करा.

समजा पिकअप रोज १५० किलोमीटर चालते, महिन्याला २५ दिवस. वर्षाला ४५,००० किलोमीटर. ऑइल बदली दर १०,००० ला. सहा लिटर तेल ३५० च्या भावाने २,१००, फिल्टर ४००, मजुरी ३००. एका बदलीला २,८००. वर्षात साडेचार बदल्या, म्हणजे १२,६०० रुपये. एका गाडीचा वर्षाचा ऑइलचा सगळा खर्च एवढाच आहे. आधी हा आकडा नीट बघा. वाचवून वाचवून तुम्ही यातूनच वाचवणार.

आता किट बसवलं, बसवण्यासकट १६,०००. समजा त्याच्या भरवशावर तुम्ही बदली दहाऐवजी वीस हजारांवर नेली. बदलीचा खर्च निम्मा झाला, ६,३०० वाचले. पण बायपासचा गाळणीचा भागही बदलावा लागतो. वीस हजाराला एकदा, १,५०० चा धरला तर वर्षाला ३,३७५. हातात राहिले २,९२५. सोळा हजार भागिले २,९२५, म्हणजे साडेपाच वर्षं. तोपर्यंत कर्ज फिटून गाडी विकायला काढलेली असेल.

आणि हे गणितही मी किटच्या बाजूने झुकवून केलंय. कारण वीस हजारांपर्यंत तेल टिकलं की नाही हे कळणार कसं? फिल्टर कण काढतो. तेलातली औषधं, म्हणजे आम्ल मारणारे आणि झीज रोखणारे जे घटक कंपनी मिसळते, ते वापराने संपतात. ते फिल्टर परत भरत नाही. तेलात उतरलेलं डिझेल फिल्टर काढत नाही. बीएस-सिक्स गाड्यांमध्ये हे जास्त लक्षात ठेवा. २०२० नंतरच्या डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या लाइनला काजळी जाळणारा फिल्टर असतो, तो साफ होताना बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं रिंगांजवळून खाली तेलात उतरतं. गाडी बाजारात नुसती सुरू ठेवून उभी करायची, गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या, अशा वापरात हे जास्त होतं. गेज पट्टीवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, डिझेल मिसळलंय.

म्हणून बदली लांबवायची तर प्रयोगशाळेत तेल तपासायला पाठवावं लागतं. माणसाची रक्ततपासणी असते तशी. लोखंड किती, सिलिका म्हणजे धूळ किती, काजळी किती, डिझेल किती, आम्ल मारायची ताकद किती उरली, दाटपणा किती. एका नमुन्याला समजा १,५०० रुपये. पहिल्या वर्षी दर दहा हजाराला नमुना पाठवला तर साडेचार नमुन्यांचे ६,७५०. वाचले होते २,९२५. म्हणजे वर्षाला ३,८२५ चा उलटा खर्च, किटचे सोळा हजार वेगळेच!

"मग तपासणी नको, अंदाजाने चालवू." असं म्हणणारे भेटतात. भाऊ, दहा लाखांची गाडी, बँकेच्या नावावर बोजा, आणि इंजिन अंदाजावर? वॉरंटीमधल्या गाडीला तर हे सुचवूच नका कोणी. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं अंतर ओलांडलं, वर प्रेशर स्विचला बाहेरची टी दिसली, की इंजिनच्या क्लेमवर वाद ओढवून घेतलाच. वॉरंटीचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात असतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. उघडून वाचा.

मग याचा फायदा कोणालाच नाही का? आहे ना. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आयडाहोमधल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून काही वर्षं आपल्याच ताफ्यावर हे तपासलं. कामगारांची ने-आण करणाऱ्या ११ डिझेल बस आणि शेवरोलेच्या ६ मोठ्या गाड्यांना बायपास फिल्टर लावले. बसच्या तेलबदल्या फार मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. हा पुरावा चांगला आहे आणि मी तो नाकारत नाही. पण त्या बस कशा? मोठं चेंबर, लांबचा मोकळा रस्ता, एकाच गॅरेजचे तेच ते मेकॅनिक, आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगला तेलाचा नमुना प्रयोगशाळेत. तेल 'चांगलं दिसतंय' म्हणून पुढे ढकललं नाही, अहवाल बघून ढकललं.

आपल्या भागात असं कोण आहे? बोअरच्या गाडीवाला. मोठा कॉम्प्रेसर, दिवसरात्र चालणारं इंजिन, चेंबरमध्ये समजा २५ लिटर तेल. एका बदलीला नुसतं तेलच ८,७५० चं. वर्षाला दोन हजार तास चाललं आणि अडीचशे तासाला बदली असेल तर आठ बदल्या, ७०,००० रुपये. ती पाचशे तासांवर नेली तर ३५,००० वाचतात. गाळणीच्या भागाला वर्षाला १२,०००, तपासणीला पहिल्या वर्षी १२,००० आणि नंतर निम्मे. मोठं किट बसवून २५,००० ला गेलं तरी दोन वर्षांत पैसे परत. तसंच ऊसतोडणीचं यंत्र, खडी क्रशरचा जनरेटर, चार-पाच जेसीबी असलेला कॉन्ट्रॅक्टर. अशांनी किट मागितलं तर मी आजही देतो, वर गाडीखाली झोपून पाइप स्वतः बघतो.

एक अपवाद पिकअपवाल्यांतही आहे. वॉरंटी संपलीय, कर्ज फिटलंय, गाडी अजून सात-आठ वर्षं काढायची आहे, रोजचा पल्ला लांबचा आहे आणि बदली वेळेवरच करायची, लांबवायची नाही. अशा माणसाने इंजिनचं आयुष्य वाढावं म्हणून बसवलं तर तो शहाणपणा आहे. फक्त ती बचत रोख हातात पडत नाही आणि विकताना मिळत नाही. जुनी पिकअप घेणारा टायर बघतो, बॉडी वाजवून बघतो, ऑइल टाकायचं झाकण काढून इंजिन बॅक मारतंय का बघतो. "आतलं तेल दोन मायक्रॉनने गाळलेलं आहे" म्हणून पाच हजार वाढवून देणारा मला अजून भेटायचाय.

धूळ येते कुठून

आता त्या चमचाभर धुळीकडे येऊ. इंजिनची झीज करणारी सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे सिलिका, साधी माती. ती तेलात येते हवेतून. शनिवारी आमच्या बाजारतळावर उभे राहा: हजारो खुरं, गाड्यांची ये-जा, दुपारी तोंडावर रुमाल धरावा लागतो. हंगामात उसाच्या गाड्यांमागे चालवा, फडात पेटवलेल्या पाचटाची राख बघा. ही सगळी हवा तुमचं इंजिन ओढतंय. एअर फिल्टरचं खोकं नीट बसलं नसेल, रबराची कड वाकडी झाली असेल किंवा टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असेल तर माती थेट सिलिंडरमध्ये. लायनर खाते, रिंगा खाते, मग तेलात उतरते आणि बेरिंग खाते. तेव्हा बायपास फिल्टर काय करणार? चोर घरात शिरून, कपाट उघडून, सोनं घेऊन निघाला की मागच्या दाराला त्याला पकडणार. पकडेल. पण दार पुढचं उघडं आहे.

त्या पोराची गाडी मी बाहेर जाऊन बघितली. एअर फिल्टरच्या खोक्याच्या चार क्लिपांपैकी एक तुटलेली, जागी तार गुंडाळलेली. झाकण उचललं तर आतल्या बाजूला, म्हणजे जिथे स्वच्छ हवा पाहिजे तिथे, बोट फिरवल्यावर माती लागली. अठ्ठावीस हजार किलोमीटरची गाडी! विचारलं, फिल्टर साफ कसा करतोस? म्हणाला, "पंक्चरवाल्याकडे हवा मारतो." बाहेरून मारतो. बाहेरून जोरात हवा मारली की धूळ कागदात आणखी आत रुतते, कधी कागदच फाटतो. मारायची असेल तर आतून बाहेर, लांबून, कमी दाबाने. आणि खरं तर बदलून टाकायचा. फिल्टर चारशे-पाचशेचा आहे हो.

मला राग येतो तो इथे. आमचा धंदा शिकवणारे आम्ही सगळे, मीसुद्धा, नवीन वस्तू दाखवतो. पितळी टी, चकचकीत डबा, वेणीचा पाइप. कॅमेऱ्याला छान दिसतं. एअर फिल्टरची क्लिप बदलण्याचा व्हिडिओ कोण बघणार? बघणारा तरुण गाडीच्या हप्त्याखाली दबलेला, त्याला वाटतं आपण काहीतरी केलं पाहिजे, गाडी 'मेंटेन' केली पाहिजे. त्या तळमळीचे आम्ही सोळा हजार करतो. नवीन धंदेवाल्याकडे जास्तीचे सोळा हजार नसतात. हप्ता एकदा चुकला की दंड, बँकेचे फोन, पुढच्या कर्जाला अडचण. दोन दिवस गाडी बंद पडली की बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याची गाडी लावतं आणि मग त्यालाच फोन करतं. त्याच्या गल्ल्यातला पैसा ही त्याची खरी ऑइल गॅलरी आहे. तिथून धार बाजूला वळवायची तर भोक किती मोठं पाडतोय याचा विचार आधी करायला नको?

बसवणारच असाल तर

एवढं सांगूनही काही जण बसवणार, काहींचं गणित बसणारही आहे. त्यांच्यासाठी, माझ्या ५८,००० रुपयांतून शिकलेलं. फिल्टरकडे जाणाऱ्या तोंडाशी बारीक भोकाची नोझल असते, साधारण दीड मिलिमीटरची. 'तेल कमी येतंय' म्हणून ती काढायची किंवा भोक वाढवायचं नाही. ती काढली तर तेलाची मोठी धार बाजूला जाते आणि गाडी गरम होऊन स्लो चालते तेव्हा बेरिंगचं प्रेशर पडतं. परतीच्या पाइपला मात्र कुठेही अडथळा नको, वाकवून चिमटला जाऊ नये. पाइप गरम तेल आणि प्रेशर दोन्ही सोसणारा हायड्रॉलिकचा, दोन्ही टोकं दाबून बसवलेली. क्लॅम्पवर भागवायचं नाही. सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब. जिथे चासीजवळून जातो तिथे रबरी बुश, आणि इंजिन हलतं पण चासी हलत नाही म्हणून मध्ये थोडी ढील. चेंबरला भोक चेंबर न उतरवता पाडू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला की "ग्रीस लावून पाडतो, कीस आत जात नाही".

डबा तेल पितो, तेव्हा इंजिन पाच मिनिटं चालवून, बंद करून, थांबून परत पट्टी बघा आणि तेल टाका. पन्नास किलोमीटरवर एकदा खाली वाका, पाचशेवर एकदा. नंतर दर डिझेल भरताना. आणि ड्रायव्हरला बसवून सांगा: लाल दिवा म्हणजे चावी बंद. आमच्या मामांनी आता डॅशबोर्डवर दिव्याशेजारी कुंकवाचं बोट लावलंय.

तो पोरगा शेवटी काय घेऊन गेला? एक एअर फिल्टर, खोक्याच्या चार नवीन क्लिपा, टर्बोच्या नळीचे दोन क्लॅम्प आणि एक शंभर पानी वही. बिल ७४० रुपये. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याच्याकडूनच लिहून घेतलं: आजचं किलोमीटर, पुढची ऑइल बदली कितीला, आज पट्टीवर तेल कुठे आहे. सोळा हजार त्याने परत खिशात घातले. जाताना जरा नाराजच होता, मित्राच्या गाडीला बसवलंय म्हणाला. दहा तारखेला रात्री त्याचा एक शब्दाचा मेसेज आला: "भरला."

जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्याच्या सुरुवातीला पाच मिनिटांचा नवीन तुकडा टाकतोय, त्यात फुटलेला पाइप हातात धरून दाखवलाय. आणि माझ्याकडून किट नेलेल्या अकरा जणांना परत एकदा सांगतो. फोनवर तुम्ही सगळे "हो बघतो" म्हणालात, गाडी घेऊन आलेत चौघेच. बाकीच्या सातांनी शनिवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी नऊच्या आत दुकानावर या. पाइप, बुश आणि मजुरी माझ्याकडे लागली. चहाही.